हायस्कूलच्या मुलांस गायन-वादन शिकवावे काय?

आपल्या स्मरणिकेत मंडीचे नियम, करपद्धती, वाहतुकीचे दर आणि पिकापाण्याचा अंदाज या विषयांवर जाणकार मंडळी दरवर्षी लिहीतच असतात, व ते योग्यही आहे. या वर्षी संपादक मंडळाने माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारे आयुष्य धान्याच्या घाऊक व्यापारात घालविलेल्या माणसास चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा मी मुद्दामच निराळा विषय निवडला. हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीच्या वर्गांत, शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींस गायन व वादन नियमाने शिकविण्याची व्यवस्था असावी काय, आणि असावी तर तिचा भार कोणी उचलावा, हा तो विषय होय. हा विषय किरकोळ आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी कृपा करून लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आपले मत बनवावे, एवढीच विनंती.

प्रथम आजची स्थिती पाहू. आपल्या समाजात मुलांस गाणे शिकवीत नाहीत असे मुळीच नाही. मूल सात-आठ वर्षांचे झाले की हौसेने पेटी आणली जाते, शिकवणी लागते, पर्युषणात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याचे गाणे होते, आजी-आजोबा कौतुकाने ऐकतात. हा क्रम आठवीपर्यंत चालतो. नववीचे पुस्तक घरात आले की पहिली गोष्ट बंद होते ती गाण्याची शिकवणी. खेळ थोडा टिकतो, मोबाइल तर टिकतोच. गाणे मात्र त्याच दिवशी सुटते. सहा-सात वर्षे पेरलेले पीक ओंबी धरण्याच्या वेळी पाणी तोडून वाळविण्यासारखेच हे आहे. शेतकऱ्याने असे केले तर आपण त्यास वेडा म्हणू.

माझ्या परिचयातील एका घरी अशी एक मुलगी होती. गळा गोड, तालाला पक्की. नववीत गेल्यावर तिची शिकवणी सोडविण्यात आली. 'बारावी होऊ दे, मग पाहू' असे तिला सांगितले गेले. बारावी झाली, पदवी झाली, विवाह झाला, ती सासरी गेली. ती पेटी अजून त्या घरात आहे. तिच्यावर जुन्या खतावण्यांचा गठ्ठा ठेवलेला असतो. त्या घरच्या माणसांनी मुलीच्या शिक्षणात काही कमी केले असे कोणी म्हणणार नाही. तथापि 'मग पाहू' हे शब्द गाण्याच्या बाबतीत बहुधा 'नाही' याच अर्थाचे असतात, हे आपण मनाशी कबूल केले पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे.

गाण्याविषयी आपल्या व्यापारी घरांत एक जुनी अढी आहे. गाणे म्हणजे रंगेल लोकांचा नाद, त्यात पेढी बुडते, असे आपले वडीलधारे म्हणत. बऱ्हाणपुरात ही अढी अधिक घट्ट असण्यास कारणही आहे. उतावळी नदीवरील महल गुलारा पाहावयास गेल्यावर गुलारा नामक गायिकेची व शाहजहानची कथा सांगितली जाते. तापीपलीकडच्या झैनाबादेत हिराबाई या गायिकेवर शाहजादा औरंगजेब लुब्ध झाल्याची हकीकत तर जुन्या फारसी ग्रंथांतच आहे. अशा कथा ऐकत वाढलेल्या गावाने गाण्यास विलासाचे साधन समजावे यात नवल नाही. परंतु आपल्या गावाच्या संगीताची हकीकत एवढीच नाही. फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास सोळाव्या शतकात कर्नाटकातून पुंडरीक विठ्ठल नावाचा पंडित आला आणि त्याने 'सद्रागचंद्रोदय' हा संस्कृत ग्रंथ रचला. दक्षिणेची शास्त्रपद्धती जाणणाऱ्या या पंडिताने उत्तरेचे राग ऐकून त्यांची मांडणी केली. पुढे तो उत्तरेकडे कछवाहा राजांच्या आश्रयास गेला व 'रागमाला', 'रागमंजरी', 'नर्तननिर्णय' हे ग्रंथ त्याने लिहिले. विसाव्या शतकात पंडित भातखंडे यांनी आपल्या रागशास्त्राची जुळवाजुळव करताना जे जुने ग्रंथ तपासले, त्यांत पुंडरीकाचे ग्रंथ महत्त्वाचे होते. दक्षिण व उत्तर यांच्या वाटेवरचे गाव म्हणून येथे जसा माल उतरत असे, तशी विद्याही उतरत असे. महल गुलाऱ्याची कथा आपल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते; पुंडरीक विठ्ठलाचे नाव मात्र शंभरांत एकासही ठाऊक नसते. हा दोष मुलांचा नव्हे.

आपल्या धर्मपरंपरेकडे पाहिले तरी हेच दिसते. 'संगीतसमयसार' या ग्रंथाचा कर्ता पार्श्वदेव जैन होता. सन 1350 मध्ये 'संगीतोपनिषत्सारोद्धार' लिहिणारा सुधाकलश हाही जैन विद्वानच. आपल्या पूजा व स्तवने गाण्यासाठीच रचलेली आहेत, आणि कोणती ढाळ कोणत्या चालीवर म्हणावी हे आपल्या आज्या-पणज्यांस पाठ असे. आज मोठी पूजा असली म्हणजे आपण बाहेरगावाहून संगीत-मंडळी बोलावतो. ध्वनिक्षेपक लागतात, सिनेमाच्या चालींवर स्तवने होतात, आणि आपली मुले-मुली मागे बसून टाळ्या वाजवितात. त्या मंडळींचा यात काही दोष नाही. त्यांचा तो व्यवसाय आहे. परंतु देवापुढे गाण्याचे कामही आपण आडत्याकडे सोपविले आहे, याचा विचार व्हावयास हवा.

आता कोणी विचारील की, व्यापाऱ्यांच्या संघाचा आणि गाण्याच्या वर्गाचा संबंध काय? त्यास उत्तर मुंबईच्या पारशी समाजाने कधीच देऊन ठेवले आहे. सन 1870 मध्ये कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने तेथे 'पारशी गायन उत्तेजक मंडळी' स्थापन झाली. पारशी हा आपल्यासारखाच व्यापार-उदीमात मुरलेला समाज. शिष्टसंमत घरांतील माणसांनी चांगल्या उस्तादांकडून गाणे ऐकावे व शिकावे, हा त्या मंडळीचा हेतू. सन 1884 मध्ये एक तरुण मराठी विद्यार्थी त्या मंडळीत येऊ लागला. त्याचे नाव विष्णु नारायण भातखंडे. तेथे त्याने शेकडो चिजा गोळा केल्या. पुढे तो वकील झाला, वकिली सोडून देशभर हिंडला, आणि त्याने मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग व 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग लिहिले. आज काश्मीरपासून नागपूरपर्यंत ज्या दहा थाटांची नावे विद्यार्थी पाठ करतात, ती मांडणी या गृहस्थाची. सन 1916 ची बडोद्याची संगीत परिषद, सन 1918 चे ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय आणि सन 1926 चे लखनौचे संगीत महाविद्यालय ही त्यांच्याच खटपटीची फळे होत. व्यापाऱ्यांच्या एका मंडळीने दिवा लावून ठेवला होता, म्हणून त्या उजेडात हा मनुष्य बसू शकला.

दुसरे उदाहरण पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे. कुरुंदवाडचा हा मुलगा, दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यामुळे गाण्याकडे वळविला गेला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तो मिरजेस शिकला. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाच्या खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या वर्गणीवर. गाणे हे सभ्य घरातील मुलामुलींनी शाळेच्या शिस्तीने शिकण्याचा विषय आहे, हे त्यांनी देशास दाखवून दिले. आणि परदेशाचे उदाहरण हवे असल्यास दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला पाहावा. तेथे सन 1975 मध्ये होसे आंतोनियो आब्रेउ या अर्थशास्त्रज्ञाने थोडक्या मुलांना घेऊन वाद्यवृंदाचा वर्ग सुरू केला, आणि गरीब वस्त्यांतील लाखो मुलांपर्यंत तो पोहोचला. प्रारंभ करणारा मनुष्य हिशेब जाणणारा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप अभ्यासाचा. 'नववी-दहावीत वेळ कोठून आणावा?' हा प्रश्न खोटा नाही. मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांत गुंतलेली असतात हे मी पाहतो. संगीताने गणिताचे गुण वाढतात, बुद्धी तीक्ष्ण होते, असे वर्तमानपत्रांतून छापून येते. त्याच्या भरवशावर मी माझे म्हणणे मांडीत नाही. गुण वाढावेत म्हणून गाणे शिकविणे म्हणजे वजन वाढावे म्हणून धान्य भिजविण्यासारखे आहे. मी एवढेच म्हणतो की आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येकी एक तासाचा, आणि रोज वीस मिनिटांचा रियाज, इतक्याने कोणाचाही निकाल बुडत नाही. ज्या वयात मुलाच्या मनावर सर्वांत अधिक दडपण येते, नेमक्या त्याच वयात त्याच्या हातून मन मोकळे करण्याचे एकमेव साधन काढून घेणे हा कसला व्यवहार? मुलगा खोलीचे दार लावून बसतो, बोलत नाही, चिडतो, अशी तक्रार आज अनेक घरांत ऐकू येते. गाणे हे त्यावरचे औषध आहे असा दावा मी करणार नाही. परंतु रोज तंबोऱ्यापुढे बसून आपला षड्ज शोधणारा मुलगा निदान स्वतःशी तरी वीस मिनिटे स्वस्थ बसतो.

दुसरा आक्षेप पेढीचा. 'गादीवर बसून काय गाणार आहे?' गाणार नाही हे खरे. पण कान हा व्यापाऱ्याचाही अवयव आहे. जुने व्यापारी तुरीची किंवा हरभऱ्याची मूठ भरून ती दुसऱ्या हातावर सोडीत आणि नुसत्या आवाजावरून दाणा वाळला आहे की ओला हे सांगत. लिलावाच्या गलक्यातून बोली नेमकी ऐकणे, समोरच्याच्या स्वरातील संकोच ओळखणे, पुढच्याचे बोलणे पुरे होईपर्यंत आपण थांबणे, ही सारी कानाची शिस्त आहे. तबल्याच्या वर्गात सोळा मात्रांच्या त्रितालात दुसऱ्याच्या गाण्यास साथ करताना मुलास पहिली गोष्ट शिकावी लागते ती ही की, आपण पुढे पळावयाचे नाही व मागेही राहावयाचे नाही. समेवर सर्वांनी एकत्र यावयाचे. भागीदारीत व्यापार करणाऱ्यांस याहून चांगला धडा कोणता?

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, अडचण आहे. आणि ती न समजल्यामुळे पुष्कळ मुले गाणे सोडतात. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो. कंठ वाढतो व आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काल काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलास आज तोच षड्ज लागत नाही, आवाज चिरकतो, बरोबरीची मुले हसतात, आणि तो लाजून वर्ग सोडतो. घरचे म्हणतात, 'याचा गळा गेला.' गळा जात नाही, तो बदलतो. जाणता गुरू अशा वेळी त्या मुलास वरच्या पट्टीत ओढीत नाही. त्यास खर्जाच्या हलक्या अभ्यासावर ठेवतो, मधल्या काळात तबला, पेटी किंवा बासरी हाती देतो, आणि आवाज बसल्यावर काळी एक किंवा दोनच्या सुमारास त्याची नवी पट्टी ठरवितो. मुलींचा आवाजही या वयात थोडा बदलतो, पण इतका नव्हे. यास्तव हायस्कूलच्या वर्गात मुलगे व मुली यांची एकच पट्टी धरून सामुदायिक गाणे घेणे चुकीचे आहे. दोघांचे निराळे गट हवेत. आणि म्हणूनच हायस्कूलसाठी गायन व वादन असे दोन्ही वर्ग हवेत, केवळ गायनाचा नको.

वर्ग कसा असावा याविषयी मी जाणकारांस विचारून चार गोष्टी समजून घेतल्या आहेत. शिक्षक एकटा पुरेसा नाही. गाण्याचा एक व तबल्याचा एक असे दोघे हवेत. एका वर्गात पंधरा-वीसपेक्षा अधिक मुले नकोत, नाही तर शिक्षकास एकेकाचा स्वर तपासता येत नाही. केवळ पेटीवर शिकवू नये. पेटीचे स्वर ठोकून बसविलेले असतात, त्यांवर मींड निघत नाही आणि मुलाचा कान आळशी होतो. याच कारणास्तव आकाशवाणीने सन 1940 पासून सन 1971 पर्यंत पेटीस बंदी केली होती. ती बंदी अतिरेकाची होती असे मला वाटते, कारण पेटीने घरोघरी गाणे नेले हेही खरे. पण मुलाने पेटी साथीला घ्यावी आणि स्वर तंबोऱ्यावर लावावा. तंबोरा महाग पडतो म्हणाल, तर आज विजेवर चालणारा तंबोरा सहज मिळतो, मोबाइलवर तर तो फुकटातही ऐकता येतो. तरीही वर्गात एक खरा तंबोरा असावा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना सन 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पंढरपूर भागातल्या भोपळ्यापासून तो कसा घडतो, जवारी कशी लावतात, हे मुलांनी हात लावून पाहावे. बासरी तर अगदी थोड्या पैशांत येते.

परीक्षांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सन 1931 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंत सात पायऱ्या आहेत. आपल्या प्रांतात सन 2008 पासून ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयसूचीत गायन, स्वरवाद्य व तालवाद्य हे विषय आहेत, आणि सन 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला व शास्त्र, अभ्यास व छंद यांत कडक भिंत नसावी असे म्हटले आहे. धोरण कागदावर आहे. शाळेत शिक्षक नसेल तर कागद गात नाही. शेजारच्या महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण देण्याची सोय झाली, तेव्हा प्रमाणपत्रासाठी वर्गांत गर्दी झाली असे तेथील नातलग सांगतात. परीक्षा असाव्यात, कारण त्यांनी अभ्यासास मुदत मिळते. पण प्रमाणपत्र हाती पडताच गाणे सुटत असेल, तर तो केवळ पावतीचा व्यापार झाला. माल कोठेच नाही.

शेवटी पैशाचा प्रश्न, कारण आपण त्याशिवाय उठणार नाही. पलुसकरांच्या संस्थेची हकीकत येथे शिकण्यासारखी आहे. मुंबईस त्यांनी मोठी इमारत उभारली, कर्ज झाले, आणि अखेर ती इमारत हातची गेली. विद्या टिकली ती शिष्यांमुळे, इमारतीमुळे नव्हे. यास्तव माझी सूचना अशी की, आपल्या संघाने संगीतासाठी भवन बांधण्याच्या भानगडीत पडू नये. गावात ज्या हायस्कूलला तयारी असेल तेथील दोन खोल्या शाळा सुटल्यावर वापरावयास मागाव्यात. वार्षिक संमेलनात एका रात्रीच्या वाद्यवृंदावर आपण जो खर्च करतो, तो एक वर्ष अर्ध्यावर आणावा आणि उरलेली रक्कम दोन शिक्षकांच्या वेतनाकडे वळवावी. तेवढ्याने पुरे पडणार नाही. म्हणून एक कायम ठेव उभारावी, जिच्या व्याजातूनच वेतन जाईल व मुद्दलास कोणी हात लावणार नाही. शिक्षकांचे वेतन दर महिन्यास ठरल्या तारखेला मिळावे. गाणाऱ्यास सत्कार, शाल, श्रीफळ आणि वेतन मात्र 'पुढच्या महिन्यात', ही रीत आपल्या संघास शोभणार नाही. वर्ग सर्व समाजांच्या मुलांस खुला असावा; ज्यांस फी देणे शक्य आहे त्यांनी द्यावी, ज्यांस नाही त्यांची माफ व्हावी. आणि नववीत प्रवेश घेतलेल्या मुलाने बारावीपर्यंत वर्ग सोडू नये, अशी लेखी हमी पालकांकडून घ्यावी. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण वर्ग सोडविणारे बहुधा मूल नसते, आपण असतो.

फळ लगेच दिसणार नाही. आपल्या गावाबाहेरचा कुंडी भंडारा सर्वांनी पाहिला आहे. सन 1615 च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुंडीमागून कुंडी, केवळ उताराच्या जोरावर गावात आणले गेले. वरून पाहणाऱ्यास पाणी वाहताना दिसत नव्हते; पण शहर त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगले. वर्गातील वीस मुलांपैकी गवई एकही न होवो. परंतु त्यांतील एखादी मुलगी पुढे आपल्या लेकराला शुद्ध स्वरात स्तवन शिकवील, एखादा मुलगा पेढी बंद करून रात्री तबल्यापुढे बसेल, आणि आणखी दहा जण निदान चांगले गाणे ऐकून ओळखतील. गावात ऐकणारे तयार झाल्याशिवाय गाणारे येत नाहीत.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठराव म्हणून मांडण्याची माझी इच्छा आहे. विरोध असेल तर तो सभेत उघडपणे व्हावा. त्यातूनही योजना सुधारेल. ज्यांची मुले यंदा आठवीत आहेत त्या पालकांनी मात्र सभेची वाट पाहू नये. जूनमध्ये नववीची पुस्तके घरात येतील, तेव्हा पेटी माळ्यावर चढवू नये, एवढे तरी त्यांनी अवश्य करावे.